बूव्हे बेटाचं नेमकं स्थान दीडशे वर्षं का ठरत नव्हतं?

तुमचा लेख आवडला, पण त्यात दक्षिण अटलांटिक महासागरातल्या बूव्हे बेटाचा शोध '१ जानेवारी १७३९ रोजी लागला' एवढ्या एका ओळीत उरकलात, तिथे जरा हळहळ वाटली. खरी गंमत तर त्यानंतरच आहे! फ्रेंच दर्यावर्दी बूव्हे द लोझिएला धुक्यातून एक बर्फाळ कडा दिसला. हे बेट की दक्षिणेकडच्या खंडाचं टोक, हेही त्याला कळलं नाही. उतरता तर आलंच नाही. त्या काळी समुद्रावर रेखांश मोजायचा म्हणजे अंदाजपंचे, त्यामुळे जागेची नोंद चुकली. पुढे कॅप्टन कुक रेखांश अचूक काढता यावा म्हणून उत्तम घड्याळ घेऊन शोधायला गेला, पण पत्ताच चुकीचा, तर घड्याळ काय करणार? बूव्हेनं हिमनगच पाहिला असावा, असं त्याचं मत झालं. नेमकं स्थान नक्की केलं ते १८९८ मध्ये, जर्मनीच्या 'वाल्डिव्हिया' मोहिमेनं.

आणि हे सगळं जेमतेम ४९ चौरस किलोमीटरच्या ज्वालामुखीसाठी, ज्याचा ९० टक्क्यांहून जास्त भाग हिमनदीखाली आहे. विवरसुद्धा बर्फानं भरलेलं. आज ते नॉर्वेकडे आहे. १९५० च्या दशकात तिथे दरड कोसळून थोडी सपाट जागा तयार झाली, त्यावरही लिहा ना कधीतरी.