हसायचे पैसे पडतात का?

शनिवारी वैजू कट्ट्यावर आली ती पर्स आपटतच.

"आज तिसरा!"

"चहा?" मक्यानं विचारलं.

"माणूस. या महिन्यातला तिसरा. वनाझ मेट्रो स्टेशनला मी सरकत्या जिन्यानं खाली येतेय, हा शेजारच्यानं वर चाललाय. समोरासमोर आलो तर म्हणतो, 'मॅडम, स्माइल! एवढं काय टेन्शन?' अरे, मी सासूबाईंच्या गोळ्यांचा हिशेब करत होते. दहाची पट्टी आणायची की पंधराची. बरं, उलटून काही बोलावं तर जिना थांबतोय थोडाच! तोंड उघडेपर्यंत तो वर आणि मी खाली."

"चांगल्या भावनेनं म्हणाला असेल गं," सुभ्या म्हणाला.

सुभ्याचं हे वाक्य तयारच असतं. पुण्याच्या डहाणूकर कॉलनीतल्या या कठड्यावर आम्ही शाळेपासून बसतोय, तेव्हा तो बरा होता. दोन वर्षांपूर्वी बागेतल्या हास्यक्लबात जायला लागला आणि बिघडला. रोज पहाटे पाच चाळीसला ग्रुपवर कमळ, सूर्य आणि सुविचार. दात्याचे वडील गेले त्या दिवशीही याचं कमळ वेळेवर उगवलं होतं, खाली 'हसत राहा'. दात्या ते अजून विसरलेला नाही. आणि ती जपानच्या यामागाताची बातमी, रोज एकदा तरी हसा म्हणून ठराव करणाऱ्यांची, ती तर सुभ्यानं एवढ्या वेळा पाठवली की आम्हाला ते गाव तालुक्याचं वाटायला लागलंय.

"यामागातात बघ," सुभ्या म्हणालाच, "सरकारच सांगतंय हसा म्हणून. दर महिन्याची ८ तारीख..."

"दंड आहे का?" दात्यानं विचारलं.

"दंड नाही. आवाहन आहे."

"मग तुझ्या कमळासारखंच आहे ते."

"हसण्याचं महत्त्व तुम्हाला कळायचं नाही," सुभ्यानं दोन्ही हात वर केले. तो आता हो-हो करतो की काय या भीतीनं मी त्याच्या हातात चहाचा ग्लास दिला. "डॉक्टर कटारियांनी १३ मार्च १९९५ला मुंबईत पाच माणसांना घेऊन बागेत हास्यक्लबला सुरुवात केली. फक्त पाच! आज जगभर पसरलंय. आपल्या महाराष्ट्रातून!"

"ती पाच माणसं आपल्या पायांनी बागेत गेली होती ना?" वैजू म्हणाली. "कटारियांनी त्यांना जिन्यावर गाठून तर नव्हतं हसवलं?"

सुभ्यानं चहाचा घोट घेतला. गरम होता.

मेधा तोवर गप्प होती. ती कॉलेजात शिकवते, त्यामुळे तिच्याकडे कायम एक उदाहरण जास्तीचं असतं. ब्रुकलिनमध्ये तात्याना फझलालिझादे नावाच्या चित्रकर्तीनं २०१२ साली बायकांची चित्रं काढून भिंतींवर चिकटवली, खाली मजकूर: बायकांना हसा म्हणून सांगणं थांबवा. पुढे गावोगावच्या भिंतींवर लागली ती.

"इथे लावून बघ," दात्या म्हणाला. "शेजारी लगेच पाटी येईल, 'या भिंतीवर पोस्टर लावल्यास अपमान केला जाईल.'"

"तेच म्हणतेय मी!" वैजू एकदम उसळली. "पेठेतल्या दुकानदाराला कुणी म्हणालंय का कधी, 'काका, स्माइल'? तो सुटे मागतो, वस्सकन अंगावर येतो, एक वाजला की तोंडावर शटर ओढतो, आणि तुम्ही त्याच्या पाटीचे फोटो काढून अमेरिकेला पाठवता. तो हसत नाही ते शहराचं वैभव. आणि मी जिन्यावर हसले नाही तर माझ्या घरात प्रॉब्लेम!"

यावर टाळी पडली. ती मीच दिली.

"मक्याला विचारा," ती म्हणाली.

मक्याचा चेहरा हे कट्ट्याचं जुनं प्रकरण आहे. त्याच्या लग्नाचा अल्बम बघून माझ्या आजीनं हळूच विचारलं होतं, "मुलीकडच्यांनी फसवलं का रे याला?" दात्या दातांचा डॉक्टर, मक्या त्याचा तीस वर्षांचा मित्र, पण दात्यानं त्याचे दात पाहिलेले नाहीत.

"मला नाही कुणी म्हणत," मक्या म्हणाला. "उलट साहेब मला मीटिंगला मुद्दाम समोर बसवतात. म्हणतात, तू नुसता बसलास तरी व्हेंडर दोन टक्के कमी करतो."

"बघा! याचा चेहरा म्हणजे वजन. माझा म्हणजे खडूस. आमच्या बँकेत काउंटरवर रोज एक तरी विचारतो, 'मॅडम, हसायचे पैसे पडतात का?' मी नोटा मोजत असते, बाबा! हसता हसता पाचशेची एक नोट जास्त गेली तर ती तू भरणार का?"

मेधानं लगेच आर्ली हॉकशील्ड ही अमेरिकन समाजशास्त्रज्ञ काढली. विमानातल्या मुलींना तिकिटाबरोबर हसूही विकावं लागतं, आणि तेही कामच असतं, असं तिनं १९८३ सालीच लिहून ठेवलंय.

"मग द्या ना," वैजू म्हणाली. "महागाई भत्ता, घरभाडे भत्ता, हास्य भत्ता. जिन्यावरच्यानं थकबाकीसकट द्यावा."

"पण मूळ गंमत अशी," दात्या खुर्चीत पेशंट असल्यासारखा वाकला, "की सांगून हसता येतच नाही. ड्युशेन म्हणून एक फ्रेंच डॉक्टर होता. त्यानं एका म्हाताऱ्याच्या चेहऱ्याला विजेचे झटके देऊन फोटो काढले, १८६२ला पुस्तक छापलं. गालाचा स्नायू हुकूम ऐकतो, ओठ वर जातात. डोळ्याभोवतीचा ऐकत नाही. तो मनातून आलं तरच हलतो, असं त्याचं म्हणणं."

"म्हणजे तो जिन्यावरचा मागत होता तेही खोटंच."

"शंभर टक्के."

"म्हातारा कसा होता रे?"

"बोळका. एकही दात नव्हता."

"तरीच तुला एवढं पाठ आहे. गिऱ्हाईक!"

इथे विषय कवळीच्या दरांवर गेला आणि दात्यानं सुभ्याच्या आईला सवलत दिली होती की नाही यावर दहा मिनिटं गेली. (नव्हती दिली. मी होतो तिथे.) मेधानं गाडी परत रुळावर आणली. म्हणाली, २०१४ला तुर्कस्तानच्या उपपंतप्रधानांनी उलटाच उपदेश केला होता, बायकांनी चारचौघांत मोठ्यानं हसू नये म्हणून. तिथल्या बायकांनी खदाखदा हसतानाच्या फोटोंचा पाऊस पाडला. "आणि आपल्याकडे २०१८ला राज्यसभेत त्या रेणुका चौधरी हसल्या तेव्हा..."

"राजकारण नको!" सुभ्या आणि मी एकदम ओरडलो. मागच्या राजकारणानंतर तीन आठवडे कट्टा बंद होता.

"तुर्कस्तान कशाला पाहिजे?" वैजूचा आवाज आता खाली आला होता. ती खरी चिडली की आवाज उतरतो. "आमच्या घरी आजीचा कायदा होता. मुलीच्या जातीनं फिदीफिदी हसू नये. दारात हसलं की 'दात काय दाखवतेस'. पाहुण्यांसमोर हसलं की मांडीला चिमटा. कॉलेजात गेलो तर हसली की फसली. वीस वर्षं घासून घासून चेहरा सपाट करून घेतलात. आता कुठे नीट बसलाय, तर रस्त्यावरचा कुणीही उठतो आणि म्हणतो, हस!"

कुणी काही बोललं नाही. चहावाल्याचा स्टोव्ह तेवढा भुरभुरत होता.

"पण आम्ही काय केलं?" सुभ्यानं विचारलं. हा प्रश्न विचारायची गरज नव्हती.

"तू नाही. हा." तिनं माझ्याकडे बोट केलं. "दहावीच्या ग्रुप फोटोत 'वैजे, हस की, काय एरंडेल प्यायल्यासारखी उभी आहेस' कोण म्हणालं होतं?"

मी बिस्कीट चहात बुडवलं. ते तुटून तळाला गेलं. हा भाग मी लिहिणार नव्हतो, पण मेधा वाचणार आहे.

"बरं, निघू या," सुभ्या उठला. "सकाळी क्लब आहे. हे बघ वैजू, आयुष्य छोटं आहे, सगळं हसत हसत..." आणि त्याचा हात मागच्या खिशाकडे गेला, तिथून पुढच्या, मग शर्टाच्या. सहा चहा, दोन क्रीमरोल आणि त्याची पाळी. "अरे, पाकीट..."

"घरी राहिलं," सगळे एकसुरात.

"आता हस," वैजू म्हणाली. "एवढं काय टेन्शन?"

सुभ्यानं प्रयत्न केला, अगदी मनापासून. ओठ गेले वर. डोळे मात्र चहावाल्याकडेच लागलेले.

"ड्युशेन!" दात्या ओरडला.

आणि मक्या फुटला. आधी खांदे हलले, मग तोंडातला चहा नाकातून आला आणि मग तो चक्क कठडा धरून हसायला लागला. त्याला हसताना बघून आम्ही हसायचंच विसरलो. समोरच्या औषधवाल्यानं काउंटरवरून वाकून बघितलं.

दात्यानं मोबाइलचा टॉर्च लावला होता.

"हलू नकोस. वरची डावी, मागून दुसरी. पार गेलीय रे ही! सोमवारी ये."