कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण आधी हवं

अमेरिकेतल्या शेल्टरमधल्या, म्हणजे बेवारस प्राण्यांच्या निवाऱ्यांतल्या, पिटबुलना (झुंजींसाठी बदनाम झालेल्या कुत्र्यांना) घर मिळवून द्यायचं तर आधी कर्मचाऱ्यांना शिकवायला हवं, हे लेखातलं म्हणणं मला शंभर टक्के पटलं. २००७ साली मायकेल व्हिक या अमेरिकन फुटबॉल खेळाडूच्या व्हर्जिनियातल्या जागेतून झुंजीचे कुत्रे, बहुतेक पिटबुलच, जप्त झाले, तेव्हा अशा कुत्र्यांना सरसकट मारून टाकण्याचीच पद्धत होती. पण जाणकारांनी एकेक कुत्रा स्वतंत्रपणे तपासला आणि बहुतेक सगळे वाचले. कोर्टाने व्हिककडून त्यांच्या देखभालीसाठी सुमारे ९ लाख २८ हजार डॉलर घेतले. त्यातले २२ कुत्रे यूटा राज्यातल्या बेस्ट फ्रेंड्स या प्राणी सांभाळणाऱ्या संस्थेत गेले आणि पुढे काहींना चक्क लहान मुलं असलेली घरंही मिळाली! तपासणाऱ्याची नजर तयार असली की केवढा फरक पडतो बघा.

अजून एक मुद्दा लेखात यायला हवा होता. नुसत्या दिसण्यावरून जात ओळखणं फार बेभरवशाचं असतं. शेल्टरमधली अनुभवी माणसंही चुकतात, हे डीएनए चाचण्यांनी दाखवून दिलंय. आणि पिंजऱ्यावर ‘पिटबुल’ लिहिलं की तो कुत्रा दिसायला तसल्याच इतर कुत्र्यांपेक्षा कितीतरी जास्त दिवस तिथेच पडून राहतो. म्हणून कर्मचाऱ्याने जातीऐवजी स्वभाव सांगावा: लोकांशी कसा वागतो, इतर कुत्र्यांशी जमतं का, पट्ट्याला ओढतो का. दुसऱ्या कुत्र्यांशी जमत नसेल तर तेही स्पष्ट सांगायचं, लपवायचं अजिबात नाही. घरी नेल्यावर अडचण आली तर फोन कोणाला करायचा, हेही त्याच वेळी लिहून द्यावं.