उकडलेला कोहळा आणि तेरा वखारी

मागच्या महिन्यात घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भावानं एक व्हिडिओ टाकला. नेहमीचाच. एक दुकानदार, समोर चार-पाच जण, "मराठीत बोल", मग एक थप्पड. खाली काकांचे तीन अंगठे, मावसबहिणीचं "असंच पाहिजे" आणि मामेभावाचं "लाज वाटते". मग दोन तास रणकंदन. मी चीनमधल्या ग्वांगझोऊच्या मेट्रोत उभ्याउभ्या सगळं वाचलं आणि काहीच लिहिलं नाही. लिहिलं असतं तर भावानं विचारलंच असतं, तू तिथं नऊ वर्षं राहतेस, तुला आली का तिथली भाषा?

आली. आणि नाही आली.

मी मँडरिन बोलते. भाव करते, भांडते, डॉक्टरला कुठं दुखतंय ते नीट सांगते. पण ग्वांगझोऊची भाषा कँटोनीज. तिच्यात माझं घोडं 'म्-गॉय'च्या पुढं जात नाही. हा शब्द प्लीजलाही चालतो आणि थँक्यूलाही, त्यामुळं निभावून जातं. म्हणजे मुंबईत वीस वर्षं काढून नुसत्या हिंदीवर भागवणारा जो माणूस आमच्या घरी शिव्या खातो, तो इथं मी आहे.

माझी घरमालकीण सत्तरीची. तिला मी 'आयी' म्हणते, मँडरिनमध्ये मावशी. (पहिल्यांदा फोनवर ऐकून आईनं विचारलं होतं, "आई कुणाला म्हणतेस गं?") तिचा नातू दुसरीत आहे. ती त्याच्याशी कँटोनीजमध्ये बोलते, तो मँडरिनमध्ये उत्तरं देतो. शाळा मँडरिन, कार्टून मँडरिन, खाली खेळणारी निम्मी पोरं बाहेरच्या प्रांतांतली. आयी एकदा म्हणाली, "त्याला कळतं सगळं, पण तोंडातून येत नाही." हे वाक्य मी डोंबिवलीत किती आज्यांच्या तोंडून ऐकलंय.

या शहरानं त्यावरून दंगा केलेला आहे. २०१० च्या जुलैत, एशियन गेम्सच्या तोंडावर, शहराच्या टीव्ही वाहिनीनं मुख्य कार्यक्रम मँडरिनमध्ये करावेत अशी सूचना आली आणि लोक रस्त्यावर उतरले. चीनमध्ये, रस्त्यावर! त्यातली एक घोषणा मला फार आवडते: 'बो दुंग ग्वा, साउ पेइ.' मँडरिनचं सरकारी नाव फूथोंगह्वा. कँटोनीज जिभेवर ते जवळपास 'बो दुंग ग्वा' होतं, आणि त्याचा अर्थ कोहळा उकडणं. थोडक्यात, उकडलेल्या कोहळ्या, गप बस. उत्तरेकडून आलेल्यांसाठी इथं एक शब्दही आहे, 'लाउ लो'. आपण ज्या सुरात 'भय्या' म्हणतो, त्याच सुरात म्हणायचा.

हे सगळं डोक्यात घेऊन मी रोज ज्या रस्त्यानं जाते, त्याचं नाव शिसानहांग लू, तेरा पेढ्यांचा रस्ता. मी कपड्यांचा माल पाठवण्याआधी तपासते. शिवण उसवून बघणं, बटणं ओढून बघणं, हे माझं काम. आज तिथं घाऊक कपड्यांचा बाजार आहे, पहाटेपासून ढकलगाड्या आणि काळ्या पिशव्यांचे गठ्ठे. पण १८५६ पर्यंत इथं, पर्ल नदीच्या काठाला, परदेशी व्यापाऱ्यांची वसाहत होती. इंग्रज त्या इमारतींना 'फॅक्टरी' म्हणायचे, पण तिथं काहीही बनत नसे. मराठीत त्याला नेमका शब्द आहे, वखार. खाली माल आणि कारकून, वर साहेबाची झोपायची खोली. शाळेत राजापूरच्या वखारीचा धडा वाचलेल्याला चित्र लगेच दिसेल.

फरक असा, की राजापूरच्या इंग्रजांनी पन्हाळ्याच्या वेढ्यात सिद्दी जौहरला तोफा पुरवल्या म्हणून १६६१ मध्ये महाराजांनी ती वखार लुटली आणि साहेबांना कैदेत टाकलं. कँटनच्या, म्हणजे तेव्हाच्या ग्वांगझोऊच्या, अधिकाऱ्यांनी परक्यांना नियमांत चिणलं. १७५७ साली चिएनलोंग बादशहानं युरोपीय जहाजांना कँटन सोडून बाकीची बंदरं बंद केली. जहाजं खाली व्हांपोआला थांबायची. नैऋत्य वाऱ्यावर यायचं, चहा-रेशीम भरायचं, हंगाम संपला की पोर्तुगीजांच्या मकाऊला निघून जायचं. वसाहत इकडून तिकडं तीनेकशे मीटर. तटाच्या आतल्या शहरात पाऊल टाकायचं नाही, पालखीत बसायचं नाही, बंदूक आणायची नाही. नदीपलीकडं फिरायला जायचं तर महिन्यातून तीनदा, आठ, अठरा आणि अठ्ठावीस तारखेला, तेही दुभाष्याच्या पहाऱ्यात. आणि बायका आणायच्या नाहीत. १८३० मध्ये हॅरिएट लो नावाची अमेरिकी तरुणी काकूबरोबर मकाऊहून लपतछपत कँटनला आली, तर या बाया परत गेल्या नाहीत तर व्यापार बंद करू, असा निरोप आला. गेल्या बिचाऱ्या. ज्या जमिनीवर माझं पोट चालतं तिथं दोनशे वर्षांपूर्वी माझं नुसतं उभं राहणं म्हणजे सगळ्या बंदराचं टाळं झालं असतं.

पण मी सांगायला निघाले तो नियम वेगळा. परक्यांनी चिनी शिकायची नाही.

त्यामागं एक प्रकरण आहे. जेम्स फ्लिंट हा ईस्ट इंडिया कंपनीचा माणूस, पोरवयात इकडं येऊन चिनी शिकलेला. कँटनचे जकात अधिकारी फार पैसे उकळतात, अशी तक्रार घेऊन १७५९ मध्ये तो थेट उत्तरेला थ्येनचिनपर्यंत गेला आणि बादशहापर्यंत अर्ज पोचवला. अर्ज चिनी भाषेत, दरबारी रीतीत. तक्रार खरी निघाली, जकातीचा मुख्य अधिकारी गेला. पण बादशहाला जास्त झोंबलं ते हे, की परक्याला आपल्या भाषेत अर्ज करता आलाच कसा? फ्लिंटला मकाऊत तीन वर्षं कैद झाली. त्याला अर्ज लिहायला मदत करणाऱ्या ल्यू याप्यान या चिनी माणसाला मृत्युदंड झाला.

शिकणाऱ्याला तीन वर्षं, शिकवणाऱ्याला मरण. मला या सगळ्या इतिहासात हीच एक गोष्ट विसरता येत नाही. पुढं १८०७ मध्ये रॉबर्ट मॉरिसन हा मिशनरी आला, तो चोरून चिनी शिकला. त्याचा एक शिक्षक पकडले गेलो तर काय म्हणून जवळ विष बाळगायचा, असं सांगतात. मॉरिसनला पुढं कंपनीत दुभाष्याची नोकरी मिळाली. त्याच्या शिक्षकांची नावं कुणाला ठाऊक?

भाषेला बंदी घातल्यावर धंदा थांबला का? छे. मध्ये दलाल उभे राहिले. ठरलेल्या चिनी पेढीवाल्यांशीच व्यवहार, ठरलेलेच दुभाषे, वखारीचं घरकाम आणि खरेदी बघणारा मुनीम वेगळा. त्या पेढीवाल्यांतला हौक्वा, म्हणजे वू पिंगच्येन, इतका मोठा की १८३४ मध्ये त्यानं स्वतःची मालमत्ता २ कोटी ६० लाख डॉलर मोजली. आणि या सगळ्यांनी मिळून एक खिचडी बोली काढली. शब्द इंग्रजी, पोर्तुगीज, हिंदुस्थानी. वाक्य चिनी वळणाचं. तिच्यात आपली भावंडं सापडतात. जकातीचा शिक्का, परवाना म्हणजे 'चॉप', आपला छाप. जहाजाला बंदर सोडायला 'ग्रँड चॉप' लागे. चांदी पारखणारा तो 'श्रॉफ', आपला सराफ. हाँगकाँगच्या पार्किंगमध्ये पैसे भरायच्या खिडकीवर आजही श्रॉफ लिहिलेलं असतं. चिठ्ठीची झाली 'चिट'. इथल्या परदेशी ऑफिसांत कंपनीच्या शिक्क्याला अजून चॉपच म्हणतात. पहिल्या आठवड्यात साहेबांनी "चॉप कुठाय?" विचारलं तेव्हा मला मटण आठवलं होतं.

त्या बोलीत भाव करता यायचा, माल मोजता यायचा, नमस्कार-चमत्कार व्हायचे. त्यापलीकडचं काही बोलायचं म्हटलं की जीभ संपली. कायदा म्हणजे काय, अपमान कशाला म्हणायचं, पेटीत नेमकं काय आहे, हे त्या बोलीत मांडता येत नव्हतं.

पेटीत अफू होती, आणि इथं मुंबई येते. वसाहतीत 'चाउ-चाउ' म्हणजे मिसळीची वखार होती, तिथं पारशी आणि मुंबईकडचे मुसलमान व्यापारी उतरत. पांढऱ्या पगड्यांमुळं चिनी लोक पारशांना 'पांढरडोके' म्हणायचे. जमशेटजी जीजीभॉय पाच वेळा चीनला आले. त्यांच्या भागीदारांत मोतीचंद अमीचंद, कोकणी मुसलमान मोहम्मद अली रोगे आणि गोव्याचे रोजेरियो द फारिया. माल बराचसा माळव्याचा, म्हणजे शिंदे-होळकरांच्या मुलखातला. त्या खसखशीच्या शेतांवर त्यांचाही महसूल उभा होता. आज जेजे हॉस्पिटलच्या रांगेत किंवा माहीमच्या कॉजवेवर अडकलेल्या गाडीत हे कुणाच्या मनात येतं? जीजीभॉय घराण्याच्या ज्या पैशातून हे उभं राहिलं, तो या नदीकाठानं गेला होता. काही पारशी परतलेच नाहीत. व्हांपोआजवळच्या छांगझोऊ बेटावर त्यांच्या कबरी आहेत.

१८३९ च्या मार्चमध्ये, अफू बंद करायला बादशहानं पाठवलेल्या आयुक्त लिन त्सशूनं वसाहतीला वेढा घातला. चिनी नोकर काढून घेतले. साडेतीनशेच्या आसपास परदेशी सहा आठवडे आत अडकले, साहेब लोक स्वतः चूल पेटवायला लागले. २०,२८३ पेट्या अफू दिली तेव्हा सुटले. ती अफू हुमेनला चुना-मीठ घालून समुद्रात सोडली. मग इंग्रजांशी युद्ध, १८४२ चा नानचिंगचा तह, पाच बंदरं खुली, हाँगकाँग गेलं. वखारी जळल्या, पुन्हा बांधल्या, १८५६ च्या डिसेंबरात शेवटच्या जळाल्या. परदेशी लोक शेजारच्या शामियान बेटावर गेले.

म्हणजे भाषेची भिंत ऐंशी वर्षं उभी होती आणि तिच्या खालून पेट्या आत जातच होत्या.

इथवर आलं की ग्रुपवरचा मामेभाऊ म्हणेल, बघा, भाषेची सक्ती मूर्खपणाच. थांब जरा. त्या बादशहाची भीती अगदीच खुळी नव्हती. आपल्याकडं उलट झालं. विल्यम केरीनं १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं, मोल्सवर्थनं १८३१ मध्ये कोश काढला आणि तो कोश आपण आजही उघडतो. परक्यांनी आपली भाषा आपल्यापेक्षा नेटानं शिकली. आणि राज्य केलं. तेव्हा "मराठी शिकला म्हणजे आपला झाला" हेही मला पटत नाही. मोल्सवर्थला मराठी येत होती. म्हणून तो आमचा झाला का?

मला खुपतं ते दुसरंच. भाषेच्या नियमाचा मार कुणावर पडतो? कँटनमध्ये ल्यू याप्यानवर पडला. मुंबईत तो वडापावच्या गाडीवर पडतो, रिक्षावर पडतो, सोसायटीच्या वॉचमनवर पडतो. बांद्र्याच्या तिसाव्या मजल्यावर तीस वर्षं राहून ज्याला 'पाणी द्या' म्हणता येत नाही, त्याच्या दारात कुणी जात नाही. लिफ्टला कार्ड लागतं ना. आणि ग्वांगझोऊत माझ्या दारातही कुणी येत नाही. मी परदेशी, मला माफी. आयी नातवावर चिडते, गल्लीतल्या हुनानच्या भाजीवालीवर कुरकुरते, पण माझ्या मोडक्या मँडरिनचं कौतुक करते.

२०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी आणायचे शासन-निर्णय निघाले आणि गदारोळानंतर जूनअखेर मागे घ्यावे लागले. तेव्हा मी भावाच्या बाजूनं होते, अजूनही आहे. सहा वर्षांच्या पोराच्या तोंडात कुठली भाषा आधी जाते ते किती महत्त्वाचं, हे मी आयीच्या घरात रोज बघते. सरकारशी भांडायला माझी ना नाही. ग्वांगझोऊतल्या लोकांनीही टीव्हीवाल्यांशी भांडण केलं. पण तो व्हिडिओ टाकणारा माझा भाऊ ठाण्याच्या मॉलमध्ये शिरला की पहिलं वाक्य हिंदीत टाकतो. मीही टाकायचे. समोरचा अनेकदा सातारचा नाहीतर जळगावचा निघतो आणि आम्ही दोघं मिनिटभर एकमेकांना हिंदीतून फसवत राहतो.

हे सगळं ग्रुपवर लिहिलं नाही. त्याऐवजी आयीकडून आकडे शिकायला घेतले. कँटोनीजमध्ये सूर मँडरिनपेक्षा जास्त, आणि माझा एकही जागेवर पडत नाही. मी 'नऊ' म्हटलं की आयीला 'पुरे' ऐकू येतं. तीन आठवडे घोकून मागच्या मंगळवारी शिसानहांगच्या बाजारात गेले. एका गाळ्यावर पोरींच्या कुर्त्यांसारखे टॉप होते. छाती भरून विचारलं, "नी को केइ तो छिन?" हे केवढ्याला?

बाईनं मोबाइलवरून मान वर केली. मी पुन्हा विचारलं, सूर बदलून.

"मी हुबेईची," ती मँडरिनमध्ये म्हणाली. "ती भाषा मला येत नाही. अठरा युआन, पन्नास नग घेतले तर सोळा."