‘पीएलसीला कोण हॅक करणार?’ या मेसेजला उत्तर

रबाळे-महापे, वागळे इस्टेटच्या मेंटेनन्स ग्रुपांवर पीएलसी (मशीन चालवणारा कंट्रोलर) आणि ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारं उपकरण) यांबद्दल फिरणारा मेसेज असा: “पीएलसी, ड्राइव्ह, प्रिंटर विंडोजवर चालत नाहीत, त्यामुळे हॅक होत नाहीत. फायरवॉल आहे, इंटरनेट दिलेलं नाही. उगाच हात लावू नका.” यातलं शेवटचं वाक्य सर्वांत घातक आहे.

“विंडोज नाही.” बरोबर. पण अशा बऱ्याच उपकरणांत व्हीएक्सवर्क्स ही विंड रिव्हर कंपनीची ऑपरेटिंग सिस्टिम असते, आणि जुलै २०१९ मध्ये आर्मिस या सायबर सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी तिच्या आयपीनेट या नेटवर्क भागात ११ त्रुटी जाहीर केल्या. त्यांतल्या ६ त्रुटींतून दुरून हवा तो कोड चालवता येतो. नाव पडलं अर्जंट/११, कारण त्यांतल्या काही टीसीपीच्या (डेटा पोचवण्याच्या नियमांच्या) ‘अर्जंट पॉइंटर’शी, म्हणजे तातडीचा डेटा दाखवणाऱ्या आकड्याशी, संबंधित आहेत. तिथे शून्य आलं की वजाबाकी उणे होण्याऐवजी प्रचंड मोठा आकडा बनते. मग ठरलेल्या बफरपेक्षा (राखून ठेवलेल्या जागेपेक्षा) जास्त डेटा मेमरीत ओतला जातो. पासवर्ड कितीही कडक असो, त्याची वेळच येत नाही. पॅकेट वाचतानाच घात होतो. व्हीएक्सवर्क्स ६.५ पासूनच्या, दुरुस्ती (पॅच) न झालेल्या आवृत्त्या यात सापडतात. आयपीनेट इतर रिअल-टाइम सिस्टिमांनाही विकलं गेलं होतं, म्हणून फक्त व्हीएक्सवर्क्स शोधून भागत नाही.

“फायरवॉल आहे.” सोनिकवॉल कंपनीच्या फायरवॉललाच २०१९ मध्ये याच त्रुटींसाठी पॅच काढावा लागला होता. शिवाय आतला प्रिंटर स्वतःहून बाहेर जोडला जात असेल, तर हल्ला उत्तराच्या पॅकेटांतून आत येऊ शकतो.

“इंटरनेट दिलेलं नाही.” सर्व्हिस इंजिनिअरचा लॅपटॉप तर त्याच स्विचला लागतो ना? ११ पैकी आयपी ऑप्शन्सच्या (पॅकेटसोबतच्या जादा सूचनांच्या) त्रुटीला एक ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळ्यांना एकदम जाणारं, पॅकेट पुरतं.

“हात लावू नका.” पॅच आपोआप येत नाही. विंड रिव्हर तो उपकरणाच्या कंपनीला देते, ती आपलं फर्मवेअर (उपकरणातलं सॉफ्टवेअर) नव्याने बनवते आणि ते आपल्यालाच टाकावं लागतं. म्हणून नेमप्लेटवरचं मॉडेल आणि फर्मवेअर आवृत्ती लिहून घ्या, कंपनीच्या सूचनेशी ताडून पाहा. लाइन चालू असताना जोरदार स्कॅन मात्र करू नका, जुना कंट्रोलर त्यानेच अडकून पडतो. त्यापेक्षा स्विचचा मॅक टेबल (जोडलेल्या उपकरणांची यादी) वाचा. बदल शटडाउनमध्येच, आधी प्रोग्रॅमचा बॅकअप घेऊन.

पॅच मिळत नसेल तर मशीनचं व्हीलॅन (स्विचवर वेगळा केलेला नेटवर्कचा भाग) ऑफिसपासून तोडा. मधल्या फायरवॉलवर अर्जंट फ्लॅग असलेली टीसीपी पॅकेटं आणि सोर्स-राउटिंग ऑप्शन (पॅकेटने स्वतःच मार्ग सांगण्याची सोय) असलेली आयपी पॅकेटं टाकून द्या. मॉडबसला (मशीनांच्या आपसातल्या संवादाच्या पद्धतीला) दोन्हींची गरज नसते. एकाच व्हीलॅनमधल्या दोन मशीनमध्ये हा नियम लागत नाही, तिथे लॅपटॉपच रोखावा लागेल. पत्ता डीएचसीपीने (नेटवर्ककडून आपोआप) घेणाऱ्या उपकरणाला स्थिर आयपी द्या, कारण ११ पैकी दोन त्रुटी उपकरणातल्या डीएचसीपी क्लायंटमध्ये आहेत.