‘सात मुली दगावल्या, मूलही होत नाही’: एचपीव्ही लशीच्या फॉरवर्डमध्ये खरं किती?

एचपीव्ही या विषाणूमुळे होणाऱ्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरच्या लशीबद्दल व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या मजकुराचं म्हणणं असं: लशीतून जिवंत विषाणू टोचतात, तिने वंध्यत्व येतं, खम्ममला सात मुली मेल्या, आणि नऊ-दहा वर्षांच्या पोरींना ती हवीच कशाला?

लशीत विषाणू नसतोच. त्याच्या कवचातलं एल1 हे प्रथिन यीस्टमध्ये बनवतात. त्याचे पोकळ गोळे तयार होतात, आत डीएनए नाही. संसर्ग होणार कुठून?

आता मृत्यू. 2009मध्ये खम्मम (तेव्हाचं आंध्र प्रदेश) आणि वडोदरा (गुजरात) इथे लसीकरणाचा प्रकल्प सुरू झाला. दोन्हीकडे मिळून सात मुली दगावल्या आणि एप्रिल 2010मध्ये तो थांबवला गेला. चौकशीत निघालं ते असं: एक खाणीत बुडाली, एकीला साप चावला, दोघींनी कीटकनाशक प्यायलं, एक मलेरियाने गेली. उरलेल्या दोघींचं कारण पक्कं ठरलं नाही, पण लशीशी संबंध आढळला नाही. खरा गैरप्रकार फॉरवर्डवाल्यांना दिसलाच नाही. 2013च्या संसदीय समितीनुसार आंध्रातल्या 9,543 संमतिपत्रांपैकी 2,763वर पालकांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनने सह्या केल्या होत्या. याचा राग यायलाच हवा. मात्र त्यावरून लस घातक ठरत नाही.

वंध्यत्वाच्या दाव्यामागे उंदरांच्या पिल्लांना पॉलिसॉर्बेट 80 हा लशीतला घटक भरमसाट टोचल्याचा जुना प्रयोग आहे. हा पदार्थ आइस्क्रीममध्येही असतो. मातृत्व हिरावतात ते या कर्करोगाचे उपचार: गर्भपिशवी काढणं, रेडिएशन.

वयाचं कारण साधं आहे. हा विषाणू लैंगिक संबंधातून पसरतो आणि झालेला संसर्ग ही लस घालवत नाही, म्हणून ती लैंगिक संबंध सुरू होण्याआधी द्यायची. इंग्लंडमध्ये 12-13व्या वर्षी लस घेतलेल्यांत हा कर्करोग 87 टक्क्यांनी घटला. 9 ते 14 वयात सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस, पंधरापासून तीन: आज, दोन महिन्यांनी, सहा महिन्यांनी. प्रत्येकी 0.5 मिलि, दंडाच्या स्नायूत. (जागतिक आरोग्य संघटनेने 2022पासून 9 ते 20 वयाला एक डोसही चालेल असं म्हटलंय.) दोन डोसांत पाच महिन्यांपेक्षा कमी अंतर पडलं तर तिसरा लागतो. कुपी 2 ते 8 अंशांत हवी. बर्फाला टेकून गोठली तर लशीतल्या ॲल्युमिनियमच्या क्षाराच्या गुठळ्या होतात, ती फेकायची. टोचल्यावर 15 मिनिटं बसवून ठेवा, कारण या वयात सुईच्या धसक्यानेच चक्कर येते.

आणि लस घेतली तरी तिशीनंतर तपासणी चुकत नाही: लस मुख्यतः ज्यांना रोखते ते विषाणूचे 16 आणि 18 हे प्रकार मिळून साधारण 70 टक्केच कर्करोगांना कारणीभूत आहेत.