हाँगकाँगच्या बागा बघा, पण मागच्या इमारतींसकट

हाँगकाँगला जाऊन आलेल्यांचे अल्बम साधारण सारखेच असतात. डिस्नेलँड, व्हिक्टोरिया पीक, रात्रीची स्कायलाइन. आणि हमखास एक फोटो नान लियान गार्डनचा: सोनेरी मंडप, त्याला जोडणारा लाल पूल, आजूबाजूला झाडं. माझी तक्रार या शेवटच्या फोटोबद्दल आहे. त्या मंडपामागे प्रत्यक्षात उंचच उंच टॉवर उभे आहेत आणि लोक कॅमेरा तिरका धरून, गुडघ्यावर बसून ते टॉवर फ्रेमबाहेर ढकलतात. टॉवर काढून टाकल्यावर उरते ती चीनमधली कुठलीही एक सुबक बाग. हाँगकाँग तिथून गेलेलंच असतं.

मी एकटीच होते. एकटीने फिरण्याचा सगळ्यात मोठा फायदा म्हणजे "चला, झालं ना बघून?" असं कोणी म्हणत नाही. म्हणून एक अख्खा दिवस फक्त कौलूनच्या, म्हणजे हाँगकाँग बेटासमोरच्या द्वीपकल्पावरच्या, बागांना दिला.

सुरुवात कौलून वॉल्ड सिटी पार्कपासून केली. सुंग वाँग तॉय हे एमटीआरचं, म्हणजे इथल्या मेट्रोचं, स्टेशन जवळ पडतं. सकाळी गेलात तर म्हातारी मंडळी संथपणे ताय-ची करताना दिसतात. तळी, कमानी, वळणावळणाच्या वाटा, बारा चिनी राशींचे दगडी प्राणी, सगळं चिंग राजवटीच्या काळातल्या च्यांगनान (यांगत्से नदीच्या दक्षिणेकडच्या) शैलीत. अगदी शांत. आणि ही शांतताच मला खटकली, कारण याच जागेवर, जेमतेम साडेसहा एकरांत, 1987 च्या पाहणीनुसार सुमारे 33,000 माणसं राहत होती! मुळात इथे चीनचा एक छोटा तटबंदीचा किल्ला होता. 1898 मध्ये ब्रिटिशांनी कौलूनच्या उत्तरेकडचा न्यू टेरिटरीज हा मुलूख 99 वर्षांच्या कराराने घेतला, तेव्हा हा किल्ला चीनकडेच ठेवला गेला. पुढे चीनला तिथे राज्य करता येईना आणि ब्रिटिश हात घालायला कचरत. मग कुणाची परवानगी न घेता इमारतीला इमारत चिकटत गेली. खालच्या गल्ल्यांत दिवसा दिवे लावावे लागत. बाहेर व्यवसायाचा परवाना न मिळणारे दंतवैद्य इथे दुकान थाटून बसलेले. इमारतींची उंची चौदा मजल्यांच्या आसपास थांबली, तीही शेजारच्या काय ताक विमानतळावर विमानं डोक्यावरून उतरत म्हणून. 1993-94 मध्ये हे सगळं पाडलं आणि 1995 च्या डिसेंबरमध्ये बाग उघडली.

आता तिथे 1847 चं जुनं सरकारी कचेरीचं घर, दक्षिण दरवाजाचे अवशेष आणि वस्तीची धातूची प्रतिकृती एवढंच शिल्लक आहे. बहुतेक लोक प्रतिकृतीपाशी फोटो काढून पुढे जातात. मी म्हणते, तळी राहू द्या, तिथेच वेळ घालवा. एकेक खिडकी बघा आणि मग मान वर करून त्या मोकळ्या हिरवळीकडे बघा. वस्ती पाडली हे बरोबर की चूक, यावर मी मत देणार नाही, तिथे मी राहिलेले नाही. पण बाग इतकी गोंडस करायला नको होती, असं मात्र ठामपणे वाटतं.

तिथून दोन स्टेशनं पुढे डायमंड हिल. आधी ची लिन मठ. 1934 चा हा बौद्ध भिक्षुणींचा मठ तांग राजवटीच्या काळातल्या पद्धतीने पुन्हा बांधून 1998 मध्ये पूर्ण झाला. लाकडाच्या खाचा एकमेकांत बसवलेल्या, लोखंडी खिळा नाही. पुलावरून रस्ता ओलांडला की नान लियान, 2006 मध्ये उघडलेली. चालण्याची वाट एकाच दिशेने जाते, उलट फिरता येत नाही. काहींना हे जाचक वाटतं. मला आवडलं, कारण दर वळणावर पाइन, खडक आणि टॉवर यांची नवी जुळणी समोर येते. प्रत्येक खडक ठरवून ठेवलेला, आणि त्यामागे कुणाच्या तरी बाल्कनीत वाळत घातलेले कपडे. तोच फोटो काढा ना!

शाकाहारींसाठी आनंदाची बातमी: बागेतच धबधब्यामागे शाकाहारी उपाहारगृह आहे. एरवी चा चान तेंगमध्ये, म्हणजे इथल्या साध्या चहा-खाण्याच्या हॉटेलात, एकट्या माणसाला सरळ अनोळखी लोकांच्या टेबलावर बसवतात. पहिल्यांदा अवघडायला होतं, मग कडक दुधाचा चहा येतो आणि कोणी कोणाकडे बघतही नाही.

वाँग ताय सिन मंदिर धावतच केलं, गर्दी फार. पुढे प्रिन्स एडवर्डला फुलबाजार आणि त्याला लागून युएन पो स्ट्रीटची पक्षीबाग. बांबूच्या पिंजऱ्यांची रांग, चिनी मातीच्या इवल्या वाट्या, खाद्य म्हणून विकायला ठेवलेले जिवंत नाकतोडे. पिंजरे मला आवडत नाहीत, तरी थांबले. जुना पक्षीबाजार हाँग लोक गल्लीत होता. तिथे आता लँगहॅम प्लेस नावाचा मॉल आहे. म्हणजे इथेही तेच: जुनं उचललं आणि बागेत नेऊन ठेवलं.

संध्याकाळी चिम शा चुईच्या धक्क्यावरून बंदर ओलांडणारी स्टार फेरी. ही कंपनी मुळात दोराबजी नौरोजी मिठाईवाला या पारशी गृहस्थाने 1888 मध्ये सुरू केलेली, तेव्हा नाव कौलून फेरी. हे कळल्यावर बाकाची फिरती पाठ दुसऱ्या बाजूला वळवून बसताना उगाच अभिमान वाटला. रात्री आठचा सिंफनी ऑफ लाइट्स हा इमारतींवरच्या दिव्यांचा खेळ माझ्या मते भलताच फुगवलेला आहे. त्यासाठी धक्क्यावर तासभर जागा धरण्यापेक्षा त्या वेळी बोटीच्या वरच्या डेकवर असा, तिकीट अगदीच किरकोळ असतं.

जाणाऱ्यांनी एवढं बघा: भारतीय पासपोर्टवर चौदा दिवसांपर्यंतच्या भेटीसाठी निघण्याआधी ऑनलाइन नोंदणी लागते. ऑक्टोपस कार्ड उतरल्याउतरल्या घ्या, मेट्रो, बस, फेरी सगळ्यांना चालतं. आणि नान लियान रात्री नऊपर्यंत उघडी असली तरी मठ दुपारी साडेचारलाच बंद होतो, तेव्हा पक्षीबागेपासून उलट्या क्रमाने येऊ नका.