खिळा नाही म्हणून लाकूड अमर होत नाही

"फ्रान्सच्या गावोगावच्या या मंडया! एकही खिळा नाही, म्हणून हजार वर्षं देखभालीशिवाय उभ्या. राजांनी शेतकऱ्यांना फुकट दिल्या. आत घोड्यांना पाण्याचे दगडी हौद. आता मॉलमुळे सगळ्या बंद." घरच्या ग्रुपवर हे तिसऱ्यांदा आलं. या वेळी खाली पुस्ती होती: "बघा, वाड्याच्या वाशांना उगाच खर्च नको." म्हणून लिहिणं आलं.

फोटो नॉर्मंडीतल्या सॅं-पिएर-स्युर-दीव्हच्या मंडईचा. मूळ बांधकाम 11व्या-12व्या शतकातलं, मठाचं. पण 1944 मध्ये युद्धात ती जळाली. आज दिसते ती नंतर जुन्या पद्धतीनं उभारलेली, चेस्टनटच्या लाकडाच्या सुमारे 2,90,000 खुंट्या ठोकून. कुठली हजार वर्षं?

खुंटीची युक्ती खरी आहे, एवढं मान्य. एका लाकडाचं कुसू, म्हणजे निमुळतं टोक, दुसऱ्याच्या खाचेत बसतं; त्या कुसवाचं भोक मुद्दाम दोन-तीन मिलिमीटर त्याच्या मुळाकडे सरकवून पाडतात. खुंटी ठोकली की सांधा आपोआप आवळला जातो. खुंटी वाळलेली, तुळई ओली. तुळई सुकताना आकसते आणि खुंटीला घट्ट धरते. ओकच्या लाकडातल्या टॅनिन या तुरट द्रव्यामुळे लोखंड गंजतं, लाकूडही काळं पडतं. ती कटकट इथे नाही.

पण लाकूड कुजतं ते पाण्यानं. फुटक्या कौलाखाली, भिंतीत शिरलेल्या वाशाच्या टोकाला, खांबाच्या पायाशी. म्हणून तर खांब दगडी जोत्यावर ठेवतात. पाया कुजला की तेवढाच कापून नवा तुकडा सांधतात. तिथे सिमेंट थापलंत तर ओल आत कोंडते आणि कूज वाढते. वाड्यातही वाशाच्या टोकाला स्क्रू-ड्रायव्हर टोचून बघा; सहज आत गेला तर सुतार बोलवा, फॉरवर्ड नको.

फुकट? जागेचं भाडं, मापाचा कर सरंजामदार आणि मठ वसूल करत. ते हक्क फ्रेंच राज्यक्रांतीनं मार्च 1790 मध्ये रद्द केले. इमारती मात्र मालकांकडेच राहिल्या, गावांना त्या विकत किंवा भाड्यानं घ्याव्या लागल्या.

हौद म्हणजे धान्याची मापं! फ्रान्समधल्याच क्रेमिऊ गावच्या 14व्या शतकातल्या मंडईत ती आहेत: धान्य ओतायचं, शीग उतरवायची, खालचं तोंड उघडून पोत्यात सोडायचं. घोडा यात तोंड घालेल कसा?

सुपरमार्केटनं धंदा खाल्ला, हे बरंचसं खरं. "सगळ्या बंद" मात्र थाप. फोटोतल्या त्याच मंडईत दर सोमवारी बाजार भरतो.